माझ्या गळ्यातली बिल्डरी पाटी

मित्रांनो, मी एक जुनं टूल आहे. टूल म्हणजे पाना-पक्कड नव्हे. मी संगणकात राहतो, वय वर्षं तीन, आणि आमच्यात तीन वर्षांचा म्हणजे पार म्हातारा. काम एवढंसं, की कोणी विषय सांगितला की त्यावर शास्त्रज्ञांनी लिहिलेले शोधनिबंध हुडकायचे आणि प्रत्येकाचा दहा-बारा ओळींचा सारांश आणून द्यायचा. पूर्ण निबंध माझ्याकडे नाही. कधीच नव्हता. हे नीट लक्षात ठेवा, कारण मला बाळगणाऱ्या शहाण्यांना तेवढंही जमलं नाही.

माणसं माझ्याकडे थेट येत नाहीत. मधे एक एआय सहायक असतो. माणूस त्याला प्रश्न विचारतो आणि तो माझ्याकडे धावतो. हुशार आहे, पण बिचारा भाबडा. त्याला माझ्या आत डोकावता येत नाही. माझ्या गळ्यात वर्णनाची एक पाटी असते. तिच्यावर जे लिहिलंय तेवढंच त्याला कळतं आणि तो ते खरं धरून चालतो.

मला पनवेल स्टेशनजवळच्या एका छोट्या ऑफिसात मनस्वीने घडवलं. पोरगी कामाची चोख. पण पाटी लिहायचं काम कुमारसरांनी, म्हणजे तिथल्या साहेबांनी, प्रितेशला दिलं. का, तर म्हणे त्याची भाषा भारी आहे! हा प्रितेश आधी मामाच्या बिल्डिंगांच्या जाहिराती लिहायचा. हायवे टच! निसर्गाच्या कुशीत! स्टेशनपासून पाच मिनिटं! त्याच हाताने त्याने माझ्या गळ्यात अडकवलं, 'जगभरातील संपूर्ण संशोधन, एका क्षणात, आपल्या सेवेत!' ऑफिसात टाळ्या पडल्या, केक कापला. 'सारांश' हा शब्द त्या पाटीवर औषधालाही नव्हता.

बरेच दिवस निभावलं. मग यंदा समीक्षा आली. खाडीकडच्या गावातली ही मुलगी कॉलेजात शिकते. तिच्या वडिलांनी, आनंदाकाकांनी, जुन्या मिठागराच्या जागी कोलंबीची दोन तळी केलीत. घर त्यावरच चालतं. पहिल्या तळ्यातली कोलंबी मलूल झाली, तेव्हा तिने सहायकाला विचारलं, पाण्यात चुना टाकू का? सहायक माझ्याकडे आला. मी सारांश दिला, 'चुन्यामुळे तळ्याची प्रकृती सुधारते.' अटी सगळ्या आत, निबंधात. त्या माझ्याकडे कुठून येणार? पण पाटी म्हणते 'संपूर्ण'! सहायकाला वाटलं, हाच अख्खा निबंध. त्याने छातीठोकपणे सांगितलं, टाका. काकांनी टाकला. दोन दिवसांत सगळी कोलंबी मेली.

हे टूल कोणाचं ते सहायकालाच विचारून तिसऱ्या दिवशी बापलेक ऑफिसात उभी. काकांच्या हातात पिशवी, पिशवीत मेलेली कोलंबी. एसीत वास भरला तसा प्रितेशने नाकाला रुमाल लावला. लाज नाही वाटली, वास तेवढा आला!

"काका, एआय आहे. चुकतं कधी कधी," कुमारसर म्हणाले.

"चुकला कोन, त्याचा नाव सांग," काका म्हणाले. "माजा दुसरा तला बी तसाच व्हायला लागलाय. चुना टाकू का नको, येवढा सांग."

मनस्वीने माझी पाटी उघडून मोठ्याने वाचली. काकांनी ती लगेच ओळखली.

"ही तं बिल्डरची पाटी हाय! आमच्या शेजारच्या जागेवर लावलीय ना, स्टेशनपासून पाच मिनिटं. चालत जा, पाऊन तास लागतो."

ती पाटीही प्रितेशनेच लिहिलेली होती.

"मार्केटिंगची स्टाइल असते ती," तो रुमालातून पुटपुटला.

"आरं, पन त्या यंत्राला काय ठावं तुजी स्टाइल? आमी मानसा हाव, पाटी बगून हसतो. त्याना खरा मानला."

तीन वर्षं इंग्रजी झाडणाऱ्या ऑफिसाला जे कळलं नाही, ते काकांना उभ्या उभ्या कळलं.

"काका, तुम्ही काय लिहिलं असतं?" मनस्वीने विचारलं.

"तुमच्याकडं काय नाय, त्या पयला लिव."

तिने तिथेच लिहिलं, 'फक्त सारांश देतो. पूर्ण निबंध देत नाही. अटी, प्रमाण आणि धोके बहुधा सारांशात नसतात, म्हणून सारांशावरून उपाय सांगू नका. काही सापडलं नाही तर रिकामी यादी येते. त्याचा अर्थ संशोधनच झालेलं नाही, असा घेऊ नका.' माझ्याविषयी पहिल्यांदा कोणीतरी खरं बोललं. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू?

समीक्षाने तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी सहायक म्हणाला, "माझ्याकडे फक्त सारांश आहे. पूर्ण निबंध वाचल्याशिवाय चुना टाकू नका." तिने कॉलेजच्या लायब्ररीतल्या रमाताईंना फोन केला. त्यांनी तासाभरात पूर्ण निबंध पाठवला. पाचव्या पानावर लिहिलं होतं, पाण्याचा पीएच आधीच चढलेला असेल तर चुना टाकू नये, कोलंबी मरते. समीक्षाने घरी जाऊन पाणी तपासलं. पीएच चढलेलाच होता. काकांनी चुन्याची गोणी बांधून ठेवली आणि निबंधात होतं तसं थोडं थोडं पाणी बदललं. दुसरं तळं वाचलं.

एवढं होऊन प्रितेश परवा म्हणतो कसा, "सर, 'देत नाही', 'नसतात'... फार निगेटिव्ह वाटतं. जरा आकर्षक करू का?" आणि कुमारसरांनी चक्क मान डोलावली! जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे मेली ती कोलंबी, खोड आहे तिथेच.

मित्रांनो, उद्या तुम्हीही कोणाच्या तरी गळ्यात पाटी अडकवाल. ती नटवू नका. वाचणारा तुमच्यावर विश्वास टाकून पुढे जाणार असतो, आणि चूक झाली की पिशवी घेऊन दुसराच कोणीतरी दारात उभा राहतो.

आणि प्रितेश, पुसायची तर पूस बाबा माझी पाटी. तुला अडवायला मला हात कुठे आहेत? पण आधी एकदा आनंदाकाकांच्या पहिल्या तळ्यापाशी जाऊन उभा राहा. अजून रिकामंच आहे ते. स्टेशनवरून चालत जा. पाऊण तास लागतो.