बलदियाच्या हद्दीतला जोंधळा

लढाईच्या दिवसांत धान्य महागलं आणि परंड्यातल्या लोकांनी दिसेल त्या मोकळ्या जागेत पेरा केला. परसात, पडक्या भिंतीकडेला, कुंभारांच्या भट्टीमागं. जोंधळा पुरुषभर वाढला, गल्ल्या झाकून गेल्या, आणि त्यात दडलेल्या सापाचं दोघांना पान लागलं. तेव्हा बलदियानं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेनं, नियम केला: वस्तीत भाजीपाला लावा, उंच पीक नको. उभं असेल ते येत्या जुम्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या आत कापा.

मसुदा नारायणरावांचा होता. बलदियाचे हे कारकून अक्षरानं सुरेख आणि बोलण्यात कच्चे. चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. पण गावाचा नकाशा ते हौसेनं काढत. कुठल्या परसात सांडपाणी जिरेल, कुठं विहीर जवळ म्हणून खत टाकू नये, हे त्यांना झोपेतही दिसायचं.

हुकूम सांगत फिरता फिरता ते गंगम्माच्या परसात आले. गंगम्मा विधवा. रान दिरांनी घेतलं होतं, तिच्याकडं उरलं होतं एवढं परस. त्यातला जोंधळा नुकता पोटऱ्यातून बाहेर पडला होता.

"कापते की," ती म्हणाली. "पण येळवस झाल्यावर."

"जुम्याच्या आत कापायचंय, गंगम्मा."

"आन् येळवस कवा हाय? आयतवारी! उभ्या पिकात लक्षुमी बसायची, तिच्या आधी इळा लावू म्हंता? भटाच्या घरातलं पंचांग बी सासरी गेलंय का काय?"

नारायणरावांचे कान तापले. येळवस म्हणजे वेळा अमावास्या; त्या दिवशी सारा मुलूख रानात जाऊन जेवतो, कडब्याच्या कोपीत लक्ष्मी पुजतो. त्याआधी उभ्या जोंधळ्याला कुणी विळा लावत नाही. तुळजापुरात पुजाऱ्याच्या घरी जन्मून त्यांनी तारीख टाकली ती भिंतीवरचं सरकारी कॅलेंडर बघून.

"माझं चुकलं," ते पुटपुटले.

"मंग सायबाला सांगा. दिरांच्या रानात मला कोण बोलावतंय? माझी येळवस हितंच."

दुसऱ्या दिवशी ते बलदियाचाही कारभार बघणाऱ्या तहसीलदारांपुढं उभे राहिले. रात्रभर घोकलेली वाक्यं उंबऱ्यातच सांडली.

"क्या मुनशीजी, तबीयत नासाज है?"

"हुजूर, विळा... विळा कुणी लावणार नाही." एकदा सुरुवात झाली आणि बाकीचं धडपडत बाहेर आलं. येळवसेआधी कापायला मजूर मिळणार नाही. शिपाई पाठवले तरी तेही इथलेच, त्यांचेही हात उचलायचे नाहीत. सोमवार ठरवला तर लोक आपणहून कापतील. मग त्यांनी नकाशा उलगडला. "आणि पुढच्या साली जोंधळा किल्ल्याच्या खंदकापलीकडच्या पडीक जागेत. ज्यांना रान नाही त्यांना पट्टे द्यावेत. परसात फक्त मेथी, वांगी, दोडका."

तहसीलदारांनी नकाशा उलटसुलट पाहिला. "सोमवार," ते हसून म्हणाले. "पण तोवर कुणाला साप चावला तर तुम्ही जबाबदार."

तेवढे दिवस नारायणराव काठी आपटत गल्ल्यागल्ल्यांतून फिरले. साप निघाला नाही.

रविवारी गाव ओस पडलं. सगळे बैलगाड्या जुंपून रानात गेले. रान नसलेले नारायणराव संकोचत गंगम्माच्या परसात आले. कोप उभी होती, आत चुना लावून पुजलेले पाच दगड. शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, मडक्यात आंबील.

"बसू नका," गंगम्मा म्हणाली. "चर शिंपायचाय. पिकाभवती फेरी मारत म्या आंबील शिंपते, तुमी म्होरं 'ओलगे ओलगे' आरोळी द्या. आमचे मालक द्यायचे."

"मी? मला नाही जमायचं."

"सायबापुढं जमलं न्हवं? हितं तर जोंधळाच ऐकतोय."

नारायणराव चार पावलं गेले. घसा खाकरला. "ओलगे," ते म्हणाले, जणू कुणाची झोपमोड होईल.

"आजारी हाय व्हय लक्षुमी? जरा दणकून!"

"ओलगे, ओलगे!"

भिंतीवरची चिमणी उडाली. मागून आंबिलीचे थेंब त्यांच्या धोतरावर पडले. परस ते केवढं, फेरी लगेच संपली. नारायणरावांनी आपणहून दुसरी सुरू केली.