नरम स्प्रिंग

तांदळाच्या दाण्याएवढी स्प्रिंग... तळहातावर ठेवली तर वजनसुद्धा कळत नव्हतं. मीटिंग संपून खोली कधीच रिकामी झाली होती, आणि तो मात्र तिच्याकडेच बघत बसला होता. शेजारी दुसरी, नवी, कडक. दिसायला दोघी जुळ्या बहिणी. फरक कळायचा तो फक्त बोटाला. आणि बोट म्हणजे – या मोठ्या कंपनीत कोणाला समजावायचं – आईचं बोट.

पक्षाघाताने आईची जीभ जड झाली, उजवी बाजू गेली, डाव्या हाताचं एक बोट तेवढं धड राहिलं. त्या बोटासाठी त्याने हे बटण केलं होतं. उशाशी बटण, बाहेरच्या खोलीत घंटा. नोकरी सोडून गॅरेजात बसला तेव्हा कंपनी म्हणजे तो, उसनं आणलेलं एक टेबल आणि आई. स्प्रिंग पारखायची पद्धतही घरगुतीच – बटण आईच्या बोटाखाली सरकवायचं, बाहेर जायचं, पाठ करून उभं राहायचं. वाजलं तर पास. आत मात्र डोकावायचं नाही. डोकावलं की आई जीव खाऊन जोर लावायची. नापास होणं तिला शाळेपासूनच जमलेलं नाही. पुढे मोठ्या कंपनीने त्याची छोटी कंपनी विकत घेतली, त्याला काचेची केबिन मिळाली, तरी चाचणी सुटली नाही. रोज संध्याकाळी घरी आलं की तो बाहेरच थांबायचा. घंटा वाजायची. "ऐकलं गं," म्हणायचा, आणि मगच बूट काढायचा.

मीटिंगमध्ये कडक स्प्रिंगच्या बाजूने विभागाच्या प्रमुख बाई बोलल्या ते तसं मऊच. "हलकं बटण नुसती कूस बदलली तरी वाजतं. धावून धावून घरची माणसं वैतागतात, सेल काढून ठेवतात. मग खऱ्या घंटेला कोण येणार, तुम्हीच सांगा." खरं होतं ते. निदान चुकीचं तरी बोलायचं होतं बाईंनी. तो हट्टाने म्हणाला, "माझी आई रोज दाबते हे बटण. नवं तिला दाबता येणार नाही." सगळे टेबलाकडे बघू लागले, घरातलं माणूस मध्ये आणलं की बघतात तसे. बाई म्हणाल्या, "उद्या सकाळी सांगा. तुमच्या होकाराशिवाय मी पुढे जाणार नाही."

म्हणून दोन्ही स्प्रिंगा खिशात टाकून तो आज लवकर निघाला. कडक स्प्रिंग घालून बटण आईला देऊन बघायचं, ते वाजणार नाही, आणि उद्या छातीठोकपणे नाही म्हणायचं – एवढा सरळ बेत होता. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून दिवसा आईला सांभाळणाऱ्या मावशींचा आवाज आला, आणि का कोण जाणे, पाठ करायची सोडून तो आत बघत राहिला.

"एकदा बघा तरी दाबून," मावशी म्हणत होत्या.

बोट बटणावर होतं. आईचा सगळा चेहरा त्या बोटात गोळा झाला होता, ओठ, कपाळ, मान... बटण हललं नाही. जुनंच बटण. नरम.

"असू द्या," मावशी म्हणाल्या. "तो आला की दाबते मी, रोजच्यासारखी."

"त्याला..." आईची जीभ अडखळली. "त्याला... नको."

"नाही हो सांगत. आजवर सांगितलंय का कधी?"

तो पाऊल न वाजवता जिना उतरला. खाली उभ्या सायकलींपाशी थांबला. कधीपासून? मागे एकदा घंटा भलतीच लांबलचक वाजली होती आणि तो खूश होऊन ओरडला होता, "काय जोर आहे गं." तेव्हापासून? की त्याच्याही आधी, कंपनी विकायची बोलणी चालली होती आणि जो भेटेल त्याला तो आईचं बोट सांगत सुटला होता तेव्हा? म्हणजे मी आज कोणासाठी भांडत होतो... आणि मग ते आठवलं, आणि त्याने सायकलीचं सीट घट्ट धरलं. बाहेरच्या खोलीत, घंटेखालीच तर तो झोपायचा. हल्ली रात्री घंटा वाजत नव्हती. किती समाधानाने तो सगळ्यांना सांगायचा – आईला आता शांत झोप लागते.

तहान लागली असेल. कूस बदलायची असेल. मी घोरत असेन.

तो परत वर गेला. या खेपेला बूट वाजवत, खोकत. बाहेरच्या खोलीत आला, पाठ केली, उभा राहिला. खिशात बोटं दोन्ही स्प्रिंगा चाचपत होती. नरम कुठली, कडक कुठली, काही कळेना. उद्या बाईंना काय सांगायचं?

घंटा वाजली.

तो घंटेकडे बघत राहिला. आत कुजबुज झाली, आणि घंटा पुन्हा वाजली, या वेळी घाईने.

"ऐकलं गं, आई."

आत कोणीतरी सुटकेचा श्वास टाकला. आई की मावशी, ते पाठमोऱ्या माणसाला कसं कळणार. बूट काढायला तो वाकला आणि तसाच वाकून राहिला. आज रात्रीही घंटा वाजणार नव्हती, आणि ती न वाजलेली प्रत्येक वेळ आता त्याला ऐकू येणार होती.