समोरच्या बाकावरचा पाय

अंगठ्याशेजारच्या बोटावर जोडव्याचा वळ अजून होता... सहा वर्षं झाली जोडवी काढून, तरी कातडी तिथे जराशी आत, जराशी पांढुरकी. आणि ते बोट आता तात्यांच्या धोतरापासून वीतभर अंतरावर, समोरच्या बाकावर, मिरज-सातारा पॅसेंजरबरोबर डुलत होतं. आपला पाय एवढा मोठा आहे हे गोदावरीला आजवर माहीतच नव्हतं. घोट्यापासून मांडीपर्यंत क्रेप बँडेज, आत गुडघ्याला दोन टाके. "दोनच भोकं हो बाई, दुर्बीण घातली, फाटलेली गादी साफ केली, झालं," असं डॉक्टर म्हणाले होते, नळाचा वायसर बदलावा इतक्या सहज.

तात्या म्हणजे थोरले दीर. सत्तरीचे, अंगात कोट, डोक्यावर टोपी, मांडीवर थर्मास. न्यायला यायचं होतं मुकुलने, तिच्या मुलाने. पण पुण्याहून त्याने एसटीडी बूथवरून कळवलं की रजा मिळत नाही, आणि तात्या म्हणाले, मीच आणतो. त्यांना नाही कोण म्हणणार? घरातसुद्धा हा माणूस पायरीवर खोकून मगच आत यायचा, आणि छत्तीस वर्षांत ती त्यांच्यासमोर कधी खुर्चीवर बसली नव्हती... आणि आता बसली होती पाय पसरून.

विश्रामबाग सोडताना गाडीने गचका दिला, टाच सरकली आणि तात्यांच्या मांडीला लागली. तिचा हात आपोआप पुढे गेला, त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही, हवेतूनच माघारी येऊन कपाळाला लागला. तात्यांनी वळून पाहिलंदेखील नाही. ते खिडकीबाहेर बघत होते... मिरजेपासून बाहेरच बघत होते, मान पार पलीकडे वळवून. रागावलेत, दुसरं काय! तिने दोन्ही हातांनी पाय उचलला आणि हळूच खाली सोडला.

डॉक्टरांनी तर बजावलं होतं. पाय लोंबता ठेवायचा नाही, समोर सरळ ठेवा, घोटा हलवत राहा, तासाभराने उठून चार पावलं टाका, पाणी भरपूर प्या. आणि पोटरी दुखली, सुजली, गरम लागली, तर लाजत बसू नका, असाल तिथे उतरून डॉक्टर गाठा. रक्ताची गाठ धरली आणि ती वर छातीत गेली तर... ते वाक्य त्यांनी तसंच सोडलं होतं. तिने मान डोलावली होती. मान डोलवायला काय जातं! पाणी प्यायलं की संडासाला जावं लागणार, आणि हलत्या गाडीत तिथवर जायचं म्हणजे तात्यांचा हात धरून जायचं. त्यापेक्षा घशाची कोरड परवडली. सकाळपासून तिने घोटभरही पाणी घेतलं नव्हतं.

सांगलीला एक बाई चढली, डोक्यावर घोंगड्यांचं गाठोडं. गाठोडं दोन बाकांच्या मधे आदळून ती गोदावरीशेजारी बसली, नाव भामाबाई म्हणून सांगितलं, आणि बँडेजकडे बोट दाखवून तिने विचारलं, "आवं बाई, काय झालं वं पायाला?"

"ऑपरेशन झालंय गुडघ्याचं."

"मग खाली का सोडलाय? सुजंल की! ठिवा हितं, गाठुड्यावर."

"अहो, घोंगडी खराब होतील..."

"त्येच्यावर शेरडं बसत्यात, तुमी तर मानूस हाय."

गोदावरीला हसू आलं. परक्या बाईच्या गाठोड्यावर पाय किती निवांत पडला! घोटा हलवला, बोटं हलवली, नांद्रे गेलं, भिलवडी गेली, आणि तिला वाटलं, परक्या माणसांत किती बरं असतं, ती आपल्याला ओळखत नाहीत... ताकारीला भामाबाईने गाठोडं उचललं, "खाली सोडू नगा पाय, लय वंगाळ," असं बजावलं आणि ती उतरून गेली.

आता समोरचं बाक होतंच. तात्या खिडकीशी आक्रसून बसलेले, बाकी सगळी जागा रिकामी. नुसता उचलून ठेवायचा. तिने तो खालीच ठेवला.

भवानीनगरच्या आधी पोटरीत काहीतरी ओढल्यासारखं झालं. मग पुन्हा झालं. आता ही कळ म्हणायची की नुसतं अवघडणं? गुडघ्याचंही चार वर्षं असंच चाललं होतं... कुणी विचारलंच तर "जरा धरलाय" म्हणायचं आणि पदर सावरून जिना उतरायचा, एकेक पायरी, कठड्याला धरून. तिचे यजमान, देवदत्त, असते तर? असते तरी थोरल्या भावासमोर त्यांनी बायकोच्या पायाला हात लावला नसता. तेही असेच बाहेर बघत बसले असते, दुसऱ्या खिडकीतून. पोटरी आता ठणकायला लागली होती. काही नसेलही. पण असेल तर? मी इथे बसल्या बसल्या संपले तरी तात्या बाहेरच बघत असतील, मग सातारा येईल, आणि हे म्हणतील, चल, उतरायचंय... तिला एकदम भीती वाटली, साधी, लहान मुलासारखी, आणि त्या भीतीपुढे दुसरं काही उरलं नाही.

"भाऊजी," ती म्हणाली. "माझी पोटरी दुखतेय."

तात्या वळले, आणि वळता वळता कळवळले. हात मानेवर गेला. "कधीपासून?"

"भवानीनगरच्या आधीपासून."

"आणि पाय खाली?"

तिने खाली सोडलेल्या पायाकडे पाहिलं.

"अगं, मी मिरजेपासून बाहेर बघतोय! तुला संकोच नको, पाय नीट ठेवता यावा, म्हणून. मान धरली माझी. आणि तू पाय खाली ठेवून बसलीस होय?" ते रागावले होते, अगदी खरोखर रागावले होते.

त्यांनी कोट काढला, घडी करून बाकावर ठेवला, वाकले, आणि तिची टाच दोन्ही हातांनी उचलून त्या कोटावर ठेवली. मग ताप बघतात तसा उलटा हात पोटरीला लावला, दुसऱ्या पायालाही लावून पाहिला. "हा जरा ऊन लागतोय. मला काय कळतंय म्हणा. कराडला उतरू, डॉक्टरला दाखवू."

"आणि काही नसलं तर?"

"नसलं तर मागच्या गाडीने जाऊ. घाई काय आहे?"

शेणोली गेलं. पोटरी ठणकतच होती, कमी नाही, जास्त नाही. तात्या आता बाहेर बघत नव्हते. ते मान चोळत उघड उघड तिच्या पायाकडे बघत होते, जोडव्याच्या वळासकट. तिने तो लपवला नाही. भीती गेली नव्हती, पण आता ती एकटीची राहिली नव्हती.

"भाऊजी, थोडं पाणी द्या."

त्यांनी थर्मासचं झाकण भरून दिलं. तिने ते एका दमात संपवलं आणि पुन्हा पुढे केलं. कराडला उतरल्याबरोबर आधी संडास शोधावा लागणार, आणि तेही यांनाच सांगावं लागणार, हे तिला कळत होतं. सांगेन की, असं मनाशी म्हणत तिने घोटा हलवला, आणि झाकण तिसऱ्यांदा पुढे केलं.