झोळीवरचा हात

"या मेल्याले वाहून वाहून खांदा गेला माझा. दोन अंगणवाड्या अन् काटा एकच. सरकारचं काय जाते, चालाचं तं मले लागते."

ढिवरटोलीच्या अंगणवाडीची मदतनीस सुकरी तलावाच्या पाळीवरून चालता चालता हे पुटपुटली. मेला म्हणजे मी. मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. घड्याळासारखी तबकडी, वर आकडा, खाली आकडा. खालच्या आकड्याला कापडी झोळी अडकवतात आणि झोळीत लेकरू बसवतात.

पोंभुर्ण्याकडच्या या गावात मी नवा आलो, तेव्हा माझ्यापुढे नारळ फुटला होता. आता माझ्या काचेला तडा आहे. महिनाभर खुंटीवर टांगलेला असतो. काढताना आधी आतली झुरळं झटकतात.

गावातली अंगणवाडी पक्की आहे, भिंतीवर मोर आहे. खिचडीची पोती जीपमधून तिथेच उतरतात. टोलीची, म्हणजे तलावापलीकडच्या ढिवरांच्या वस्तीची अंगणवाडी सोमाजी नावाच्या एका ढिवराच्या छपरीत भरते. तिथलं पोतं सुकरीच्या डोक्यावरून जातं, तेही गावाचं भागून उरलं तर. तरी बैठकीत दोन्हीकडच्या सेविकांना शेजारी उभं करतात.

"जयाकडे तिसऱ्या श्रेणीचं एकही मूल नाही. कुंता, तुझ्याच इथं काऊन निघतात?" सुपरवायझरबाई विचारतात.

तिसरी श्रेणी म्हणजे फारच कमी वजन. अशा लेकराला खिचडी दुप्पट मिळते, पण अंगणवाडीचं नाव खाली जातं.

गावच्या जयाबाईंचं नाव कसं वर राहतं, ते मी सांगतो. वजन करताना त्या झोळीवर हात ठेवतात. "पडंल नं लेकरू," म्हणतात. हात मायेचाच असतो, पण त्यालाही वजन असतं. मला हात आणि लेकरू वेगळं ओळखता येत नाही. दोघांचं मिळून सांगतो.

सततची बोलणी खाऊन एका उन्हाळ्यात टोलीच्या कुंताबाईंचाही हात झोळीवर आला.

त्या उन्हाळ्यात तलाव आटला होता. टोली जिच्यावर जगते ती मासोळी नव्हती. टोलीतली गुणाबाई उजाडायच्या आत जंगलात बिडीचा तेंदूपत्ता तोडायला जायची. वजनाच्या दिवशी मात्र ती आपल्या लेकीला, खुशबूला घेऊन आली. सुपरवायझरबाईही आल्या होत्या.

सुकरीनं खुशबूला उचललं. "कापसावानी लागते व."

"हाडानंच बारीक आहे," कुंताबाई घाईनं म्हणाल्या, आणि हात ठेवला.

"आमच्या घरी सगळेच बारीक," गुणाबाई जमिनीकडे बघत म्हणाली. कुणापुढे घरचं काय काढायचं?

"असतात काही मुलं बारीक," सुपरवायझरबाई पदरानं वारा घेत म्हणाल्या.

बिचारी हाडं. त्यांच्यावर काय काय ढकलतात.

माझा काटा दुसऱ्या श्रेणीत जाऊन थांबला. म्हणजे खिचडी एकच वाटी.

मित्रांनो, माझी काच पुसू नका, मला तेलही देऊ नका. थकलो आहे, चालवून घेईन. फक्त लेकरू झोळीत असताना हात दूर ठेवा. मला खोटं बोलता येत नाही, माझ्याकडून वदवून घेतात.

झोळीत बसवलं की लेकरं हातपाय झाडतात, छप्पर डोक्यावर घेतात. खुशबू नुसती लोंबत होती, डोळे अर्धे मिटून. गुणाबाई तिच्याकडे बघत राहिली. मग पुढे आली.

"हात काढा, कुंताबाई," ती म्हणाली. "पोरगी बारीक नाई. उपाशी आहे."