निवडण्यात येतील

जनावरांच्या रोगांचं खातं. तिथल्या भाषांतरकार बाईंना शब्दांचं भारी वेड. कोंबड्यांच्या साथीचा इंग्रजी आदेश टेबलावर आला, तेव्हा ‘कल’ (cull) या क्रियापदापाशी त्या जराही अडखळल्या नाहीत. सरळ लिहिलं, ‘साथीच्या भागातल्या सर्व कोंबड्या मारण्यात येतील.’

साहेबांनी मसुदा वाचून नाक मुरडलं. “अहो बाई, किती अंगावर येतं हे! लोक बिथरतील. ‘कल’चं मूळ काय, सांगा पाहू.”

“लॅटिन. गोळा करणं, वेचणं. फ्रेंचमधून इंग्रजीत आला. आधी नुसतं वेचणं, मग कळपातली कमअस्सल जनावरं वेगळी काढणं. पण आज सरकारी कागदात त्याचा अर्थ एकच, साहेब. मारणं.”

“मूळ अर्थ वेचणं ना? मग ‘सर्व’ गाळा नि लिहा, ‘निवडण्यात येतील.’ खोटं कुठेय त्यात?” साहेब स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन चहात बिस्कीट बुडवू लागले.

बाईंना त्यांच्या ओल्या ओठांकडे बघवेना. पण नोकरी म्हटली की तोंड दाबून बुक्क्यांचा मार. त्यांनी शब्द बदलला. त्यांच्याच अक्षरातल्या नोटिशीच्या प्रती भिंतीभिंतीवर लागल्या.

चौथ्या दिवशी पथकाबरोबर वस्तीवर बाईंनाच पाठवलं, लोकांना समजावायला. पाहतात तो काय, मैदानात बायकांची ही मोठी रांग! कोंबड्या पुसूनबिसून, पाय धुऊन आणलेल्या. सर्वांत पुढे एक म्हातारी, काखेत पांढरीशुभ्र कोंबडी.

“हिला नक्की निवडा हं, बाई,” ती म्हणाली. “दुखणाईत दोघी घरी टोपलीखाली दडवल्यात. अशा कशा दाखवायच्या चारचौघांत?”

पथकातल्या हातमोजेवाल्याने कोंबडी घेतली, मान पिरगळली, पोत्यात टाकली. पोतं हललं, थांबलं.

म्हातारीचे हात तसेच पुढे राहिले. “निवडली ना?”

“मारली, आजी. सगळ्याच मारायच्यात.”

“मग तसं लिहायला तुमचे हात झडले होते का गं?”

बाई भिंतीआड गेल्या आणि भडाभडा ओकल्या. साहेबांची शिसारी आलीच होती, पण त्याहून जास्त आली ती स्वतःच्या वळणदार अक्षराची. तोंड पुसून त्यांनी पर्समधलं जाड पेन काढलं. वस्तीतल्या एकेका नोटिशीवरचा तो शब्द खोडून लिहिलं, ‘सर्व मारण्यात येतील. आजारी कोंबड्या लपवू नका.’ पुढच्या वस्तीत पथकाआधी पोचून तिथल्याही नोटिशी खोडल्या.

साहेबांचा फोन आला. “कुणाला विचारून केलंत हे?”

“कुणालाच नाही.”

आठवड्याच्या आत त्यांची रवानगी जुन्या फायलींच्या खोलीत झाली. त्या पुढच्या वस्तीत मात्र कुणी कोंबड्यांचे पाय धुतले नाहीत. बायकांनी टोपल्या उचलून दुखणाईत कोंबड्या आधी बाहेर काढल्या आणि पथकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत, डोळे पुसत, हातमोजेवाल्यांच्या हवाली केल्या.