दोघंही कामावर

"वृंदासान, तुमचे मिस्टर अजून त्याच कंपनीत आहेत ना?"

ऑफिसातल्या कर्मचारी विभागाच्या मोरितासाननी, म्हणजे मोरिताबाईंनी, कॉम्प्युटरवरून नजर न काढता विचारलं. मुलं लहान असलेल्या लोकांना ऑफिसकडून बेबीसिटरची कुपनं मिळायची. ती मोबाइलवर यायची. सांभाळणारी बाई घरी आली की तिला दाखवायची. अट एवढीच, की आईबाप दोघंही कामावर हवेत. एप्रिलपासून नवी कुपनं निघणार होती.

"हो," वृंदा म्हणाली आणि जागेवर येऊन बसली.

तिच्या नवऱ्याचं, यतीनचं, कॉन्ट्रॅक्ट नोव्हेंबरातच संपलं होतं. "कुणाला कळता कामा नये," असं त्यानं बजावलं होतं. पुण्याला घरच्यांना नाही, इथे जपानात कावासाकीतल्या ओळखीच्यांना नाही, आणि ओकादासानला तर नाहीच. ओकादासान म्हणजे चार वर्षांच्या मितालीला पाळणाघरातून आणून, जेवू घालून, वृंदा येईपर्यंत थांबणाऱ्या बाई. त्यांना संशय येऊ नये म्हणून यतीन रोज इस्त्रीचा शर्ट घालून निघायचा आणि स्टेशनजवळच्या लायब्ररीत जाऊन बसायचा.

थोड्या वेळानं वृंदा उठली आणि परत मोरितासानसमोर जाऊन उभी राहिली.

"मी खोटं बोलले. त्याला नोव्हेंबरपासून नोकरी नाही."

मोरितासाननी कुपनांचं माहितीपत्रक तिच्याकडे वळवून एका ओळीवर बोट ठेवलं.

"नोकरी शोधत असले तरी कुपनं चालतात. हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

नव्हतं. कांजींनी, म्हणजे जपानी चित्राक्षरांनी, भरलेला तो कागद तिला धड वाचता यायचा नाही. तो यतीननंच वाचून तिला सांगितला होता.

"त्यांनी कुठे कुठे अर्ज केलेत ते कळवा. मागच्या महिन्यांचं वरच्यांना सांगावं लागेल. पण तुम्ही आपणहून बोललात, हेही मी सांगेन."

जेवणाच्या सुट्टीत ती लायब्ररीत पोचली. यतीन खिडकीशी बसला होता. समोर मासिक उघडं होतं.

"तू? इथे? मिताली बरी आहे ना?"

"मी ऑफिसात सांगून टाकलं." तिनं खुर्ची ओढली. "नोकरी शोधत असलं तरी चालतं म्हणे. तू ते वाचलं होतंस ना?"

"वाचलं होतं."

"मग मला का नाही सांगितलंस? किती महिने मी जीव मुठीत धरून जगतेय!"

शेजारच्या आजोबांनी वळून पाहिलं. यतीननं मासिक मिटलं.

"शोधत असेल तर, असं आहे ते. मी शोधत नाहीये, वृंदा." त्याचा आवाज खाली गेला. "जानेवारीत एका इंटरव्ह्यूला गेलो होतो. समोरच्या पोरानं विचारलं, इतक्या वर्षांत तुम्ही स्वतः काय उभं केलंत? मला एक वाक्यही सुचलं नाही. त्यानंतर कुठे गेलोच नाही."

तिला ओरडावंसं वाटत होतं. त्याचा हात धरावासाही वाटत होता. तिनं दोन्हींपैकी काहीच केलं नाही.

"आपली पोरगी रोज परक्या बाईच्या हातून जेवते आणि तू इथे बसतोस?"

"पाच वाजता पाळणाघराच्या दारात उभा राहिलो असतो, तर सगळ्यांना कळलं असतं."

"कळू दे."

यतीननं तिच्याकडे हात पुढे केला. "ओकादासानचा नंबर दे."

बाहेर पायऱ्यांवर उभं राहून त्यानं फोन लावला. त्याचं जपानी नेहमीसारखंच शुद्ध होतं. "मी मितालीचा बाबा बोलतोय. आजपासून मी तिला आणत जाईन. मी घरीच असतो."

दुपारी वृंदानं मोरितासानना कुपनं बंद करायला सांगितलं. त्यांनी कारण विचारलं नाही.

संध्याकाळी तिनं कुलपाला किल्ली लावली तेव्हा आतून मितालीचा चढलेला आवाज येत होता. "चिगाऊ, पापा! चिगाऊ!" चुकलं, पापा, चुकलं! ओकादासान तिला गाजराची फुलं कापून द्यायच्या. ओट्यावर वेड्यावाकड्या चकत्यांचा ढीग पडला होता आणि स्टुलावर उभी राहून मिताली बापाच्या हातातल्या सुरीकडे रागानं बघत होती.

"बरं," यतीन म्हणाला. त्यानं दुसरं गाजर घेतलं. "पाकळी कुठून सुरू करायची, दाखव."