डावं पुढचं चाक

मी डावं पुढचं चाक बोलतोय. चाक म्हटलं की लोकांना रबरी टायर आठवतो, म्हणून आधीच सांगतो: टायर ज्याच्यावर चढवतात ते पाच दांड्यांचं ॲल्युमिनियमचं चकाकतं कडं, तो मी. चकाकतं म्हणायची आता सोय राहिलेली नाही. माझ्या तोंडावर देवीच्या वणांसारखे खड्डे आहेत आणि ते कसे पडले हे सांगताना मला अजूनही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

ज्या कारखान्यात मला साच्यात ओतलं तिथलं काही आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा आम्ही चौघं भावंडं एका लांब काळ्या गाडीखाली होतो. ती गाडी पेनसिल्व्हेनियातल्या एका डोंगराळ गावात मटुस्कांच्या अंत्यविधीगृहाच्या दारात उभी असायची. पुढे शववाहिका, मागे आम्ही. मयताच्या सगळ्यात जवळची माणसं आमच्या गाडीत बसत.

गाडी चालवायचा व्हर्जिल हॉफस्टेटर. एकसष्ट वर्षांचा, काठीसारखा उंच, बोलणं मोजकं. म्हाताऱ्या मटुस्कांनी त्याला कामावर ठेवलं होतं. ते गेल्यावर सगळा कारभार त्यांच्या मुलीकडे, डोरीनकडे आला. डोरीनला व्हर्जिलने तीनचाकी सायकलवरून पडताना पाहिलेलं. त्यामुळे तो तिला अगं-तुगं करायचा आणि ती मालकीण असूनही त्याला अहो-जाहो करायची.

म्हाताऱ्या मटुस्कांचा एक नियम व्हर्जिलने जपला होता. ते म्हणायचे, दुःखात माणसाची मान खाली असते; त्याला आपला चेहरा दिसत नाही, आपले बूट आणि गाडीची चाकं दिसतात. म्हणून व्हर्जिल रोज सकाळी आधी बुटांना पॉलिश करायचा, मग बुटकं स्टूल आणि साबणाची बादली घेऊन आमच्यापुढे बसायचा. मऊ ब्रश दांड्यांच्या मागेपर्यंत फिरवायचा. शेवटी जुन्या फडक्याने पुसताना पुटपुटायचा, "झालं हं, झालं." मला ते फार आवडायचं. इतकं आवडायचं की पुढे त्यातूनच घात झाला.

ब्रेक दाबला की आतली पॅडं चकतीला घासतात आणि लोखंडाची काळी पूड उडते. ती तापलेली असतानाच येऊन चिकटते, आणि चिकटली की मुरते. पुढच्या दोन चाकांच्या नशिबी ती जरा जास्तच. पण त्या जानेवारीत मी एकटाच दुप्पट काळा पडायला लागलो. सकाळी धुतलेला मी दुपारी चर्चच्या दारात पोचेपर्यंत तव्याच्या बुडासारखा व्हायचो.

कारण मला ठाऊक होतं. आमच्याकडे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ ओततात. त्या मिठाने आतल्या पिना गंजल्या. ब्रेकचा जबडा त्या पिनांवर मागेपुढे सरकतो, तो अडकून बसला. व्हर्जिलने पाय उचलला तरी जबडा सोडेना. माझे तिघं भाऊ गार असायचे आणि मी दिवसभर घासत, तापत फिरायचो. पण मला काळजी कसली होती? चारचौघांत काळं तोंड दिसू नये, एवढीच. सकाळी ब्रश फिरला की मी खूश. आग आत होती आणि मी चेहरा धुऊन घेत होतो.

एकदा चर्चबाहेर खांदा द्यायला आलेल्यांपैकी एक जण माझ्याकडे बघून दुसऱ्याला म्हणाला, "बघ, या चाकालासुद्धा सुतक आलंय." दोघं तोंडावर हात ठेवून हसले. व्हर्जिल दोन पावलांवर होता. त्याचे कान लाल झाले. माझंही काही वेगळं नव्हतं.

त्या दिवसापासून त्याने माझा ध्यासच घेतला. लोखंडाच्या पुडीवर फवारायचं एक औषध आणलं. ते लागलं की माझ्या अंगावरून जांभळे ओघळ यायचे. निघालं थोडं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग ट्रक धुणाऱ्यांच्या दुकानातून त्याने आम्लाचा कॅन आणला. गरम चाकाला लावू नका, असं त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं. व्हर्जिलने वाचलंही. पण घाई होती, दहा वाजता निघायचं होतं, आणि सकाळच्या पहिल्या फेरीने मी अजून तापलेलाच होतो. आम्लाने पूड गेली आणि माझ्यावरचा पारदर्शक मुलामाही गेला. खाली कातडं उघडं पडून खड्डे पडले. त्या खड्ड्यांत पूड आणखी घट्ट बसायला लागली.

व्हर्जिलने खड्ड्यांवरून फडकं फिरवलं. मग तो हळूच म्हणाला, "काय करून ठेवलं मी तुझं."

डोरीनने खड्डे पाहिले. ब्रेक तपासलेत ना, असं तिने विचारलं. तपासले, असं तो म्हणाला. जानेवारीच्या तपासणीच्या कागदावर त्याची सहीसुद्धा होती. खरी गोष्ट अशी की गाडी जॅकवर चढवून खाली शिरणं त्याच्या उजव्या गुडघ्याला वर्षभर जमत नव्हतं. स्टुलावर बसून चाक धुण्यापुरता गुडघा वाकायचा. गाडी गॅरेजात पाठवावी तर डोरीन विचारणार, तुम्ही का नाही बघितलं? मग गुडघा कळणार, मग वय, मग गाडीच्या किल्ल्या जाणार. गाडी डावीकडे ओढायची, त्याला तो रस्त्याचा उतार म्हणायचा. जळका वास यायचा, त्याला तो औषधाचा वास म्हणायचा.

मार्चच्या शेवटी अँडी साबोल गेला. रेल्वेच्या डब्यांचे ब्रेक दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता. त्याची बायको रोझमेरी, एकोणऐंशी वर्षांची, व्हर्जिलच्या शेजारी पुढे बसली, कारण मागे बसलं की तिला मळमळायचं. मुलगा आणि सून आपल्या पिकअपमधून मागे. सतरा गाड्या, सगळ्यांचे दिवे लागलेले. कब्रस्तान डोंगरापलीकडे. आधी लांब चढ, माथ्यावर गाड्यांसाठी ‘थांबा’ अशी पाटी, आणि तिथून खाली सरळ तीव्र उतार.

चढावर मी इतका तापलो की माझ्यावरची नवी पूड धुमसायला लागली. माथ्यावर गाडी थांबली तशी रोझमेरीने काच खाली केली आणि वास घेतला.

"पुढे नेऊ नकोस."

"काही नाही बाई, चाकाला औषध लावलंय, त्याचा..."

"अरे बाबा, हा वास मी चाळीस वर्षं नवऱ्याच्या कपड्यांतून धुऊन काढलाय. मला शिकवतोस?"

ती उतरली. काळ्या बुटांनी गाडीला वळसा घालून माझ्यापुढे आली आणि हाताची मागची बाजू माझ्याजवळ धरून तिने झटकन मागे घेतली. शववाहिकेतून डोरीन उतरून आली. मागच्या गाड्यांतून माणसं डोकावू लागली. माझ्यातून धूर येत होता.

"हे मळलेलं नाही," रोझमेरी म्हणाली, "हे अडकलंय. या उतारावर ब्रेकने दगा दिला असता तर पुढच्या शववाहिकेत अँडी आणि तिच्यावर जाऊन आपटलेली मी." मग तिने व्हर्जिलकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

नाही म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. व्हर्जिलने टोपी काढली.

"वास पाच आठवडे येतोय," तो म्हणाला. "ब्रेक मी बघितलेच नाहीत, डोरीन. खाली शिरता येत नाही मला. बघितले म्हणून सही ठोकली आणि वरून चाक धूत बसलो."

 मग रोझमेरीच म्हणाली की अँडी असता तर इथेच कोट काढून गाडीखाली शिरला असता आणि प्रार्थनेला उशीर केला असता. ती मुलाच्या पिकअपमध्ये जाऊन बसली. गाडी माथ्यावरच ठेवून बाकीचे निघाले. व्हर्जिलला दोघा-तिघांनी आपल्या गाडीत बसायला सांगितलं. तो बसला नाही. दुखरा गुडघा ओढत तो उतारावरून चालत गेला. मी त्याची पाठ वळणापर्यंत पाहिली.

पुढचं मला त्याच्याच तोंडून कळलं. तो पोचला तेव्हा प्रार्थना संपली होती. आत जायचा धीर होईना, म्हणून तो फाटकापाशी टोपी हातात धरून उभा राहिला. सगळ्या गाड्या त्याच्यासमोरून बाहेर पडल्या. पिकअप थांबली, काच खाली झाली, आणि जेवायला ये, पिरोगीच्या उकडलेल्या करंज्या आणि हॅम ढीगभर आहे, असं रोझमेरीने त्याला बजावलं. चर्चच्या तळघरात तो कोपऱ्यातल्या टेबलावर बसला. थोड्या वेळाने डोरीन आपली ताटली घेऊन शेजारी आली.

"गुडघा कधीपासून दुखतोय तुमचा?" तिने विचारलं. एवढंच.



संध्याकाळी गॅरेजवाल्याने मला उतरवलं. गाडीला नवा जबडा बसला, नवं चाक बसलं. व्हर्जिलच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. आता तो गाडी चालवत नाही. दारात उभा राहून येणाऱ्यांचे कोट घेतो. मला त्याने गॅरेजवाल्याकडून मागून घेतलं, घरी आणलं आणि मागच्या भिंतीला ठोकलं. बागेचा पाण्याचा पाइप माझ्यावर गुंडाळलेला असतो. त्याच्या मेहुण्याने सुचवलं होतं, हे खड्ड्यांचं तोंड भिंतीकडे कर, बरं दिसेल. व्हर्जिल म्हणाला, "राहू दे, दिसू दे." शेजारीपाजारी येतात, बघतात. मला अजून सवय झालेली नाही. कोणी निरखून पाहिलं की वाटतं, पाइपाचा आणखी एक वेढा माझ्यावर पडावा.

जाता जाता एक विनंती. तुमच्याकडेही चौघांत एखादं जास्त काळवंडलेलं असेल, चाक असो की माणूस. त्याला जरूर धुवा. पण आत काही अडकलंय का, तेही विचारा. आणि एकदा विचारून सोडू नका. मला कोणी विचारलं असतं तर पहिल्यांदा मीही काही नाही म्हणालो असतो.